वेब पृष्ठातील मजकूर : वाचन आणि बदल

वेब पृष्ठ पाहणाऱ्या वाचकाला अक्षरे, चित्रे, रकाने आणि दुवे दिसतात. ब्राउझरच्या स्मृतीत मात्र तेच पृष्ठ एखाद्या वंशवृक्षाप्रमाणे मांडलेले असते. वृक्षाच्या मुळाशी संपूर्ण दस्तऐवज, त्याखाली मोठ्या शाखा, त्यांना फुटलेल्या उपशाखा आणि अगदी टोकाला पानांसारखे लटकलेले मजकुराचे तुकडे अशी ती रचना असते. तिच्यातील प्रत्येक सांध्याला किंवा पेराला 'नोड' असे म्हणतात. पृष्ठावरील एखादा शब्द बदलावयाचा असेल, तर तो शब्द कोणत्या नोडमध्ये राहतो हे प्रथम जाणून घ्यावे लागते. प्रस्तुत प्रकरणात आपण हा शोध कसा घ्यावा, मजकूर कसा वाचावा आणि शेजारच्या गोष्टींना धक्का न लावता तो कसा बदलावा याचा विचार करू.

स्क्रिप्ट म्हणजे पृष्ठासोबत येणारी आणि ब्राउझरमध्येच चालणारी लहानशी आज्ञावली. ज्या जावास्क्रिप्ट भाषेत ती लिहिली जाते, ती भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना तयार केली. प्रारंभी प्रत्येक ब्राउझर पृष्ठाची रचना स्वतःच्या पद्धतीने स्क्रिप्टपुढे मांडीत असे. त्यामुळे एका ब्राउझरसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यात निरुपयोगी ठरे. १ ऑक्टोबर १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने 'डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल'चा पहिला स्तर प्रसिद्ध केला आणि वृक्षाची कल्पना सर्वांना समान झाली. पुढे २००४ च्या तिसऱ्या स्तरात, या प्रकरणात वारंवार भेटणारा 'टेक्स्टकंटेंट' हा गुणधर्म आला.

येथे एक सूचना आवश्यक आहे. पुढे येणारी तांत्रिक नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती रोमन लिपीत लिहावी लागतात, आणि तेथे लहान व मोठ्या लिपीतील भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. जोडनावात दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतात.

एक साधे उदाहरण

राजस्थानची राजधानी असलेल्या शहरात जगतपुरा नावाचा भाग आहे आणि तेथे 'गेटोर जगतपुरा' नावाचे रेल्वे स्थानक आहे. मराठी वाचकांसाठी या स्थानकाची माहिती देणारे एक छोटे पृष्ठ आपण कल्पनेने उभे करू. त्यात पुढील चार ओळी आहेत :

१. गेटोर जगतपुरा हे स्थानक जयपुर शहरात आहे.
२. जयपुरात सवाई जयसिंहाने उभारलेली वेधशाळा आहे.
३. येथील जयपुरी रजई प्रसिद्ध आहे.
४. जयपुर में आपका स्वागत है।

पहिल्या ओळीतील 'जयपुर' हा शब्द दुवा आहे. त्यावर टिचकी मारली असता शहराविषयीचे दुसरे पृष्ठ उघडते. चौथी ओळ स्वागतफलकावरील हिंदी वाक्य आहे, म्हणून तिच्या घटकाला हिंदी भाषेची खूण जोडलेली आहे.

आता अडचण कोठे आहे ते पाहा. हिंदीत या शहराचे नाव 'जयपुर' असे ऱ्हस्व उकाराने लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार ग्रामनामाला लागणारा 'पूर' हा शब्द दीर्घ लिहावयाचा असतो, म्हणून नागपूर, सोलापूर आणि त्याचप्रमाणे जयपूर. पृष्ठाचा मजकूर हिंदीवरून आलेला असल्याने पहिल्या ओळीत ऱ्हस्व उकार राहून गेला आहे. तो स्क्रिप्टच्या साह्याने दुरुस्त करावयाचा आहे. काम एका मात्रेचे दिसते. परंतु या विषयातील बहुतेक सर्व धडे त्या एका मात्रेत सामावलेले आहेत.

वृक्षाचे वाचन

पहिली ओळ ज्या परिच्छेदात आहे, तो परिच्छेद हा एक 'घटक-नोड' होय. त्याला तीन अपत्ये आहेत. पहिले अपत्य म्हणजे 'गेटोर जगतपुरा हे स्थानक' एवढा मजकूर, दुसरे दुव्याचा घटक आणि तिसरे 'शहरात आहे' हा उरलेला मजकूर. दुव्याच्या पोटी पुन्हा एक मजकूर-नोड आहे, आणि 'जयपुर' हा शब्द तेथे आहे. म्हणजे तो परिच्छेदाचे अपत्य नसून नातवंड आहे. नोडचा प्रकार अंकाने ओळखता येतो : घटकाचा अंक १, मजकुराचा ३ आणि टिप्पणीचा ८.

मजकूर वाचण्याचे प्रमुख मार्ग चार आहेत. त्यांची उत्तरे भिन्न असतात, कारण प्रत्येक मार्ग वेगळा प्रश्न विचारतो.

पहिला मार्ग 'नोडव्हॅल्यू'. हा एकाच नोडला विचारतो, 'तुझ्या स्वतःजवळ काय आहे?' मजकूर-नोडकडून मजकूर मिळतो. घटक-नोडजवळ स्वतःचे असे काही नसते, जे असते ते त्याच्या अपत्यांचे. म्हणून परिच्छेदाला हा प्रश्न केला तर 'नल', म्हणजे काहीच नाही, असे उत्तर येते. घटकाच्या नोडव्हॅल्यूमध्ये नवे शब्द भरले तरी काहीही घडत नाही आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. नवशिक्या माणसाचे तास या मौनापायी वाया जातात.

दुसरा मार्ग 'टेक्स्टकंटेंट'. हा नोडला विचारतो, 'तुझ्या संपूर्ण वंशात मिळून मजकूर किती?' उत्तरादाखल सर्व वंशजांचा मजकूर क्रमाने जोडून मिळतो. परिच्छेदाला विचारले तर संपूर्ण वाक्य हाती येते. टिप्पण्या त्यात नसतात. पण दृष्टीआड ठेवलेला मजकूर त्यात असतो, आणि घटकाच्या पोटी स्क्रिप्ट किंवा शैलीचे नियम असतील तर तेही सामील होतात.

तिसरा मार्ग 'इनरटेक्स्ट'. त्याचा प्रश्न असा : 'वाचकाला डोळ्यांनी काय दिसते?' लपविलेला मजकूर तो वगळतो आणि ओळी जेथे तुटतात तेथे तुटलेल्या दाखवितो. यासाठी ब्राउझरला पृष्ठाच्या मांडणीचा हिशेब करावा लागत असल्यामुळे हा मार्ग महाग पडतो. हजारो नोड तपासावयाचे असतील तेव्हा त्याचा वापर टाळावा.

चौथा मार्ग 'इनरएचटीएमएल'. येथे मजकुरासह टॅग, दुव्यांचे पत्ते, खुणा असे सर्व काही एका लांब अक्षरमालेच्या रूपाने मिळते. मजकूर आणि चौकट यांतील भेद या मालेत पुसला जातो. पुढे येणाऱ्या बहुतेक संकटांचे मूळ या गोष्टीत आहे.

वाचताना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. आज्ञावलीकार टॅग लिहिताना सोयीसाठी नव्या ओळी आणि मोकळ्या जागा सोडतो. ब्राउझर त्यांचेही मजकूर-नोड करतो. त्यामुळे एखाद्या यादीचे पहिले अपत्य मागितले असता पहिली नोंद न मिळता पुष्कळदा नुसती रिकामी जागा मिळते. घटकच हवा असल्यास 'फर्स्टएलिमेंटचाइल्ड' असे स्पष्ट मागावे.

बदल करताना

आता बदलाकडे वळू. सर्वांत सोपा वाटणारा उपाय असा, की परिच्छेदाचा टेक्स्टकंटेंट वाचावा, त्यात 'जयपुर'च्या जागी 'जयपूर' घालावे आणि तो परत भरावा. पडद्यावर वाक्य शुद्ध दिसेल, परंतु दुवा नाहीसा झालेला असेल. टेक्स्टकंटेंटमध्ये मजकूर भरला की ब्राउझर त्या घटकाची सर्व अपत्ये काढून टाकतो आणि त्यांच्या जागी एकच मजकूर-नोड बसवितो. एका मात्रेसाठी आपण वाचकाची पुढची वाट बंद केली.

दुसरा उपाय इनरएचटीएमएलचा. त्याने दुवा शिल्लक राहील. पण आता अक्षरमालेत दुव्याचा पत्ताही आहे, आणि त्या पत्त्यात देवनागरी 'जयपुर' असेल तर तोही बदलून जाईल. दुवा दिसेल, पण तो भलतीकडे नेईल. शिवाय ब्राउझर जुने नोड टाकून नवे निर्माण करील. जुन्या नोडला टिचकीची दखल घेणारी एखादी आज्ञा बांधलेली असल्यास ती सुटेल. आतल्या रकान्यात वाचकाने काही टंकले असल्यास ते जाईल.

याहून गंभीर धोका बाहेरून आलेल्या मजकुराचा आहे. समजा, पृष्ठावर वाचकाने आपले नाव लिहावे आणि स्क्रिप्टने ते स्वागताच्या ओळीत दाखवावे अशी योजना आहे. नाव इनरएचटीएमएलमधून घातले, तर कोणी दुष्ट हेतूने नावाच्या जागी टॅग लिहून पाठवू शकतो. अशा प्रकारे घातलेला स्क्रिप्टचा टॅग ब्राउझर चालवीत नाही, हे खरे. पण चित्राच्या टॅगला 'चित्र न मिळाल्यास अमुक करावे' अशी आज्ञा जोडलेली असली, तर ती मात्र निःसंशय चालते. पृष्ठ पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाची खाजगी माहिती अशा वाटेने चोरली जाऊ शकते. तेच नाव टेक्स्टकंटेंटमधून घातले तर टॅगची चिन्हे केवळ चिन्हे म्हणून दिसतात. म्हणून नियम असा : जे मजकूर आहे ते मजकूर म्हणूनच घालावे.

आपल्या उदाहरणात योग्य मार्ग एकच. दुव्याच्या पोटातील मजकूर-नोडपर्यंत जावे आणि केवळ त्याची नोडव्हॅल्यू बदलावी. परिच्छेद, दुवा, पत्ता, बांधलेली आज्ञा ही सर्व जागच्या जागी राहतात. बदल जेवढा लहान, तेवढ्याच लहान नोडला हात लावावा.

शब्द कोठे सुरू होतो, कोठे संपतो

नोड सापडला तरी काम संपत नाही, कारण मजकुराला भाषेचे नियम असतात. 'पुर' दिसेल तेथे 'पूर' करा, अशी आज्ञा एखाद्याने दिली तर पहिल्या ओळीतील 'जगतपुरा'चे 'जगतपूरा' होईल. त्या नावात शेवटी 'पुरा' हा निराळा शब्द आहे आणि त्याचा उकार ऱ्हस्वच आहे. मग आज्ञा थोडी सुधारून 'जयपुर दिसेल तेथे जयपूर करा' असे म्हटले, तर दुसऱ्या ओळीत 'जयपूरात' आणि तिसऱ्या ओळीत 'जयपूरी' असे अशुद्ध शब्द तयार होतील. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. नागपूर, परंतु नागपुरात. म्हणजे जे रूप एकटे असताना चूक आहे, तेच प्रत्ययापूर्वी बरोबर आहे.

तेव्हा 'जयपुर' हा शब्द स्वतंत्र उभा असेल तेव्हाच बदलावा. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची सीमा ओळखण्यासाठी एक ठरावीक खूण आहे. पण ती केवळ इंग्रजी वर्णमाला, अंक आणि अधोरेषा यांनाच शब्दाची अक्षरे मानते. तिच्या दृष्टीने 'ज' हे अक्षर आणि त्याआधीची मोकळी जागा यांत भेद नाही, म्हणून देवनागरी शब्दाच्या दोन्ही बाजूंना ती खूण लावली तर शोध निष्फळ होतो. २०१८ साली भाषेत आलेल्या सोयींमुळे यावर उपाय करता येतो : 'जयपुर'च्या मागे किंवा पुढे युनिकोडच्या व्याख्येप्रमाणे कोणतेही अक्षर किंवा मात्रेचे चिन्ह नसावे, अशी अट घालावी. मात्रेचा उल्लेख विसरू नये. 'जयपुरात' या शब्दात 'र'नंतर काना येतो, आणि काना हे युनिकोडच्या वर्गीकरणात अक्षर नसून चिन्ह आहे.

चौथ्या ओळीत 'जयपुर' स्वतंत्र आहे, तरीही तो बदलता कामा नये. हिंदीत तेच रूप शुद्ध आहे. येथे भाषेची खूण उपयोगी पडते. मजकूर-नोडच्या जनकापासून वर चढत, भाषेची खूण असलेला सर्वांत जवळचा पूर्वज शोधावा. तो हिंदी म्हणत असेल तर नोडला हात लावू नये.

अक्षरांची मोजणी

बदल शब्दाच्या एखाद्या भागापुरता असेल तर अक्षरे मोजावी लागतात, आणि तेथे आणखी एक फसगत संभवते. 'जगतपुरा' या शब्दात आपण पाच अक्षरे मोजतो : ज, ग, त, पु, रा. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर उत्तर सात येते, कारण उकार आणि काना तेथे वेगळे मोजले जातात. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे, आणि या संकेतात व्यंजन व मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. पहिली 'चार अक्षरे' मागितली तर 'जगतप' मिळते आणि पुढच्या तुकड्याच्या आरंभी आधारहीन उकार लोंबकळतो. अक्षर म्हणजे उच्चारातील एकक हवे असेल तर अलीकडच्या ब्राउझरांत उपलब्ध असलेल्या 'इंटल सेगमेंटर' या साधनाने मजकूर विभागावा.

कधी दोन शब्द दिसायला सारखे असूनही संगणकाला भिन्न वाटतात. 'पायऱ्या' या शब्दातील 'ऱ' एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा 'र' व नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. अक्षरमालेवर 'नॉर्मलाइज' ही क्रिया केली असता ही दोन रूपे एक होतात. मात्र 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीने टंकलेले रूप वेगळेच राहते; ते स्वतंत्रपणे शोधावे लागते. गोंधळ असा, की नोडवरही 'नॉर्मलाइज' याच नावाची क्रिया आहे आणि तिचे काम निराळे आहे. शेजारी-शेजारी पडलेले मजकूर-नोड ती एकत्र जोडते. एखाद्या स्क्रिप्टने 'जय' आणि 'पुर' असे दोन नोड लागोपाठ निर्माण केले असतील तर आपल्या शोधाला संपूर्ण शब्द कोठेच आढळणार नाही; तेव्हा प्रथम ही क्रिया करावी.

कृतीचा क्रम

आता संपूर्ण पृष्ठ दुरुस्त करण्याची रीत सांगता येईल :

१. मूळ घटकावर नोडची नॉर्मलाइज क्रिया करावी.
२. 'क्रिएटट्रीवॉकर' या आज्ञेने केवळ मजकूर-नोड दाखविणारा फिरस्ता मिळवावा.
३. फिरताना सर्व नोड प्रथम एका यादीत गोळा करावेत. चालत असताना वृक्ष बदलल्यास वाट चुकण्याचा संभव असतो.
४. ज्यांचा जनक स्क्रिप्ट, शैली किंवा वाचकाने टंकण्याचा रकाना आहे, ते नोड वगळावेत.
५. जवळच्या पूर्वजाची भाषा पाहावी. मराठी नसल्यास नोड सोडून द्यावा.
६. स्वतंत्र 'जयपुर' आढळल्यास नोडव्हॅल्यू बदलावी. काहीच बदलावयाचे नसल्यास नोडला पुन्हा लिहू नये.

ही रीत आपल्या चार ओळींना लावली तर पहिल्या ओळीतील एकच उकार दीर्घ होतो. जगतपुरा, जयपुरात, जयपुरी आणि हिंदी स्वागत ही सर्व अबाधित राहतात. तीच आज्ञावली पुन्हा चालविली तरी नवे काही बिघडत नाही.

नावांचा प्रश्न

एवढी दक्षता एका उकारासाठी कशाला, असे कोणी विचारील. उत्तर महाराष्ट्रात आहे. २०२३ साली औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. हजारो पृष्ठांवरील मजकूर बदलण्याची वेळ अशा प्रसंगी येते आणि आंधळ्या अदलाबदलीचा मोह होतो. परंतु बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि त्याचे नाव बदललेले नाही. 'उस्मानाबादी' ही शेळीची प्रसिद्ध जात आहे. स्क्रिप्टने तिची 'धाराशिवी' केली तर पशुपालकाला ती ओळखू यावयाची नाही. इंग्रजीत बॉम्बेचे मुंबई झाले, तरी उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव 'बॉम्बे हायकोर्ट' असेच राहिले. वृक्षातील नोड या दोन प्रकारच्या उल्लेखांत भेद करीत नाहीत. तो भेद माणसानेच आज्ञेत घालावा लागतो, आणि जेथे तो नियमात बसत नाही तेथे बदल न करता ती जागा माणसाच्या तपासणीसाठी नोंदवून ठेवावी. अभिलेखात, अर्जात किंवा तिकिटावर चुकीचे उमटलेले नाव एखाद्याला दाराशी थांबवू शकते.

स्वाध्याय

१. वरील चार ओळींचे पृष्ठ तयार करा. पहिल्या परिच्छेदाची नोडव्हॅल्यू, टेक्स्टकंटेंट आणि इनरएचटीएमएल छापून उत्तरांची तुलना करा.
२. दुव्याच्या मजकूर-नोडमध्ये दुरुस्ती करा आणि दुवा पूर्ववत चालतो की नाही ते पाहा. नंतर तीच दुरुस्ती परिच्छेदाच्या टेक्स्टकंटेंटमधून करून फरक नोंदवा.
३. 'जय' हा भाग ठळक टॅगमध्ये आणि 'पुर' त्याबाहेर असेल, तर वरील रीत त्या शब्दाला पकडील काय? नोडची नॉर्मलाइज क्रिया येथे का उपयोगी पडणार नाही, याचे कारण लिहा.
४. आपल्या गावाचे नाव घ्या. त्याला 'त', 'हून' आणि 'चा' हे प्रत्यय लावून पाहा आणि त्यांतील कोणती रूपे आंधळ्या अदलाबदलीने बिघडतील ते सांगा.